खरं

आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो म्हणाला होता, खरं आला नाही.
पुण्याचा पाहुणा अडखळतो,
यातलं खरं कुठलं, शोधत बसतो.

मी या शब्दाची जुनी गिऱ्हाईक.
या की अक्का, खरं दोन पायऱ्या हाईत.
लिफ्ट हाय, खरं किल्ली वॉचमनकडं
आणि वॉचमन जेवायला गेलाय.
हॉल आपलाच हो, खरं तुमची ती गाडी…

ती गाडी रात्री
दाराआडच्या प्लगाला बांधलेली असते,
म्हशीसारखी, गप्प.
मध्येच करंट गेला
तर सकाळी दोनच रेघा दिसतात.
दोन रेघांत वडगावातून शहापूर होतं,
माघारी येणं होत नाही.
मग यल्लव्वाच्या दुकानात
पिठाच्या डब्यांमागं वायर खोचायची.
ती विचारते, "ऊटा आतेन?"
जेवण झालं काय, हे
मला की गाडीला, अजून कळलेलं नाही.

सोमवारी पेन्शनची कामं.
तवनाप्पानं चाळीस वर्षं माग चालवला,
सुतानं बोटांच्या रेघा खाल्ल्या.
मशीन त्याचा अंगठा ओळखत नाही.
तो अंगठा केसांना पुसतो, धोतराला पुसतो,
पुन्हा ठेवतो,
आणि खिडकीतला पोरगा म्हणतो, नेक्स्ट.
मी खुर्ची तिथंच लावते, आडवी.
दोन क्विंटलचा ऐवज आहे, सहजी हलत नाही.
डोळ्यांचं मशीन आतल्या कपाटात असतं, मला ठाऊक आहे.
निघतं.

येताना तवनाप्पा पाठीमागचा दांडा धरून चालतो.
रस्त्यावरचे म्हणतात, बघा,
या वयात म्हातारा ढकलतोय बिचारीला.
खरं, मोटर त्याला ओढत असते.
चढाला मी वेग एकावर आणते,
त्याचा दम ऐकत.

मला या गावाचे उतार पाठ आहेत.
गटारीची कुठली फरशी डुलते,
कुठल्या वळणावर पाइपासाठी खणून
माती नुसती लोटलीय.
वहीत लिहिते, दर महिन्याला अर्ज.
मराठीत दिला तर म्हणाले कन्नडात आणा.
इराप्पाच्या नातीनं कन्नडात लिहिला.
साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचले.
दोन्हीकडं पायरी सहा इंचच निघाली.

एकदा सत्कार ठेवला होता माझा.
चौघांनी उचलून स्टेजवर बसवलं, गणपतीसारखं.
मी माइकवर विचारलं, विसर्जन कधी?
कुणी हसलं नाही.
शालीची घडी अजून मोडलेली नाही.

उतार शेवटी इलियास वेल्डरनं केला,
भंगारात निघालेल्या मागाच्या पत्र्याचा.
पैसे घेतले नाहीत असं नाही.
अर्धे घेतले, अर्धे थकलेत, आठवण करून देतो.
आता त्यावरून सिलिंडर जातात,
बाळंतीण जाते, तवनाप्पा जातो,
आणि दुपारी ऊन पडलं की
एक तांबडं कुत्रं बरोबर मधोमध झोपतं.
मी हॉर्न देते.
ते एक डोळा उघडतं.
त्याच्याकडं माझ्यापेक्षा जास्त वेळ आहे.

रात्री प्लग लावला की फोन येतो.
अक्का, खालच्या गल्लीत चार दिवस नळ नाही,
उद्या वॉर्डात जायचं ठरलंय, बायका निघाल्यात,
तुम्ही येताय न्हवं?

येतो की, म्हणते मी.
खरं…

पलीकडं ती थांबते.
मागं कुणाचा तरी माग चाललेला, खटाखट, खटाखट.
माझ्याकडं एक हिरवा दिवा, अजून चौथी रेघ भरायची.

खरं काय नाही, म्हणते.
नऊला तयार राहा. येतो.